देव्हाऱ्यातली फुलं आणि चिकाची नाती

सकाळी परडी भरताना आपण फुलाचा रंग बघतो, वास बघतो, देव कुठला ते बघतो. गणपतीला लाल, महादेवाला पांढरं, मारुतीला शनिवारी रुईच्या पानांची माळ. पण परडीतल्या फुलांचं आपसात काही नातं असेल, हा विचार सहसा कुणी करीत नाही. उद्या सकाळी जरा निरखून बघा. तगर, कण्हेर, पिवळी बिट्टी आणि चाफा या चौघांना खुडलंत की देठाशी पांढरा चीक येतो. मोगऱ्याला येत नाही, जाई-जुईला येत नाही, जास्वंदीला तर नाहीच. हा चीक म्हणजे त्या घराण्याची खूण. मराठीत या घराण्याला करवीर कुल म्हणतात. करवीर म्हणजे आपली कण्हेर. शास्त्रीय नाव ॲपोसायनेसी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'कुत्र्याला दूर ठेवणारी'. नावातच सावधगिरीची सूचना आहे म्हणा ना!

जगात या घराण्याच्या सुमारे पाच हजार जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक उष्ण प्रदेशातल्या. त्यामुळे आपल्या अंधेरी-बोरिवलीकडे किंवा मुलुंड-घाटकोपरकडे तुम्ही कुठल्याही सोसायटीच्या आवारात डोकावलात तर या कुळाचे पाच-सहा तरी सभासद हमखास भेटतील. फाटकाशी अलामंडाचा पिवळा वेल, भिंतीलगत तगर, पाण्याच्या टाकीजवळ चाफा, रस्त्यावर सातवीण, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत फुगीर बुंध्याचं ॲडेनियम. हे सगळे एकमेकांचे चुलत-मावस.

ओळखायचं कसं?

नुसत्या चिकावर जाऊ नका हं. वड, पिंपळ, फणस, चिकू, शेर यांनाही चीक असतो आणि त्यांची घराणी वेगळी. चीक दिसला की मग फुलाकडे वळावं. पाच पाकळ्या, आणि त्या खाली जुळून एक नळी झालेली. त्याहून पक्की खूण कळीत आहे. तगरीची किंवा कण्हेरीची उमलायला आलेली कळी हातात घ्या. पाकळ्या एकीवर एक अशा पिळून बसलेल्या असतात, मिटलेली छत्री फिरवून गुंडाळावी तशा. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या खाली आणि दुसरी कड पलीकडचीच्या वर. म्हणूनच फूल उमललं तरी ते कागदी भिरभिऱ्यासारखं दिसतं, पाती सगळी एकाच बाजूला कललेली. चाफ्यात हे फार सुरेख दिसतं. मुलांना दाखवा, एकदा दाखवलं की ती रस्त्यातून जाताना स्वतःच ओळखू लागतात.

पानं बहुधा समोरासमोर जोडीनं येतात. कण्हेरीला तीन-तीनच्या फेऱ्यात, सातविणीला सात-सातच्या. (सातच असतात असं नाही, चारापासून दहापर्यंत कितीही मोजा. पण नाव सातवीण पडलं ते पडलं.) चाफा मात्र ही रीत मोडतो. त्याची पानं एकाआड एक, फांदीच्या टोकाला गोळा झालेली.

आणि फळ? बऱ्याच जणींना जुळ्या शेंगा लागतात, एका देठाला दोन, बैलाच्या शिंगांसारख्या. कुड्याच्या किंवा सातविणीच्या शेंगा अशाच लांब लोंबतात. त्या तडकल्या की आतल्या बियांना रेशमी झुपके असतात आणि वाऱ्यावर त्या उडत सुटतात. रुईच्या उडणाऱ्या 'म्हाताऱ्या' पकडायला आपण लहानपणी धावलो आहोत, ती हीच युक्ती.

रुईवरून आठवलं. या रुईची कथा एखाद्या एकत्र कुटुंबासारखी आहे. १८१० साली रॉबर्ट ब्राउन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं रुईच्या मंडळींना करवीर कुलातून वेगळं काढून त्यांचं स्वतंत्र घर मांडून दिलं. कारण होतं त्यांचं फूल. रुईच्या फुलात पराग धुळीसारखा मोकळा नसतो, तर दोन छोट्या पिशव्यांत भरलेला असतो. मोठा काळा भुंगा फुलावर बसला की त्याचा पाय नेमका फटीत अडकतो आणि तो पिशव्यांची जोडी घेऊनच उडतो. अशी कारागिरी असलेल्यांचं घर वेगळं हवं, हे त्या काळी सगळ्यांना पटलं. पुढे जवळजवळ दोनशे वर्षं पाठ्यपुस्तकांत दोन कुळं शिकवली गेली. मग वनस्पतींची आनुवंशिक तपासणी सुरू झाली आणि दिसून आलं की रक्त एकच! १९९८ सालच्या नव्या वर्गीकरणात दोन्ही घरं पुन्हा एक झाली. त्यामुळे सरबताची अनंतमूळसुद्धा आता आपल्या तगरीच्याच नात्यात आली. तुमच्या कॉलेजच्या वहीत वेगळं लिहिलेलं सापडलं तर वही खोटी नाही, ती जुनी आहे इतकंच.

चाफे सगळे सख्खे नव्हेत

आपण चाफा हे नाव फार सढळ हातानं वाटलं आहे. देवळाबाहेरचा पांढरा चाफा, ज्याला खुरचाफा किंवा देवचाफाही म्हणतात, तेवढाच या कुळातला. सोनचाफा आणि कवठी चाफा हे वेगळ्या घरचे, हिरवा चाफा सीताफळाच्या नात्यातला, तर भुईचाफा चक्क आल्या-हळदीकडचा. त्यांच्यात चीक शोधू नका, मिळायचा नाही.

गंमत अशी की इतका आपला वाटणारा हा देवचाफा मूळचा आपला नाहीच. तो मेक्सिको, मध्य अमेरिका आणि वेस्ट इंडीजकडचा. त्याचं शास्त्रीय नाव प्लुमेरिया. सतराव्या शतकातले फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आणि धर्मोपदेशक शार्ल प्ल्युमिए यांच्यावरून ते पडलं. आपल्याकडे आल्यावर मात्र त्यानं जातधर्म बघितला नाही. देवळात तो आहे, दर्ग्यात आहे, आणि उपनगरातल्या जुन्या गावठाणांत चर्चच्या आवारातही आहे.

चाफ्याचा वास रात्री का वाढतो? तर त्याला निशाचर पतंग हवे असतात. लांब सोंडेचे पतंग वासावर येतात, एका फुलात मध शोधतात, दुसऱ्यात शोधतात, आणि मध कुठंच नसतो. पराग मात्र इकडचा तिकडे होतो. फुकटात काम करून घेणारी माणसं आपण पाहिली आहेत, हे झाड त्यांच्यावर ताण आहे.

घरी चाफा लावायचा असेल तर पावसाआधी हातभर लांबीची फांदी घ्या आणि ती लगेच मातीत खोचू नका. सावलीत आठवडाभर नुसती पडू द्या. कापलेल्या टोकाचा चीक सुकून खपली धरली की मग लावा. ओली फांदी लावली की कुजते, आणि मग 'माझ्या हाताला गुण नाही' म्हणून आपण उगाच कष्टी होतो. पावसाळ्यात पानांच्या मागे नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा. अशी पानं, गळलेलीसुद्धा, गोळा करून कचऱ्यात टाका आणि पाणी पानांवर न शिंपडता मुळाशी घाला. हिवाळ्यात झाड ओकंबोकं झालं तर मेलं असं समजून उपटू मात्र नका. त्याची ती रीतच आहे.

कण्हेर आणि बिट्टी : हे वाचल्याशिवाय पान उलटू नका

आता जरा गंभीर. कण्हेर दिसायला गरीब. लाल, गुलाबी, पांढरी. पाणी कमी पडलं तरी तक्रार नाही, गाई-बकऱ्या तोंड लावीत नाहीत. म्हणूनच हमरस्त्यांच्या मधल्या पट्ट्यांत ती सर्रास लावतात. बकरी तोंड का लावीत नाही, हे मात्र आपण विचारत नाही. कण्हेरीचं पान, फूल, साल, मूळ आणि चीक, सगळं विषारी आहे. पिवळी बिट्टी तर तिच्याही पुढे. तिच्या हिरव्या तिकोनी फळातली बी सर्वांत घातक. ही विषं थेट हृदयावर काम करतात. हृदयविकारावर डॉक्टर अगदी मोजून देतात त्या डिजिटालिसच्या जातीचीच ती आहेत, पण मोजमापाशिवायची. शिजवून किंवा उकळून हे विष जात नाही.

आपल्यापैकी कितीतरी जणी कोकणात किंवा वाडीत बिट्ट्यांनी खेळत वाढल्या. 'आम्हाला नाही काही झालं' हे त्यामुळे लगेच ओठांवर येतं. खेळल्यानं काही होत नाही, गिळल्यानं होतं. आणि दोन-तीन वर्षांचं मूल हाती आलेली वस्तू आधी तोंडातच घालतं.

म्हणून काही गोष्टी घरात ठरवूनच टाका. तीर्थाच्या पंचपात्रीत, पंचामृतात किंवा नैवेद्याच्या ताटात कण्हेर-बिट्टीचं फूल ठेवू नये. मूर्तीच्या डोक्यावर, पायाशी खुशाल वाहा, देवाला चालतं. तीर्थात तुळस असतेच, ती पुरे. निर्माल्य गॅलरीत उघडं ठेवू नये. सोसायटीत छाटणी झाली की त्या फांद्या होळीत टाकायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. कण्हेरीच्या फांद्या त्यातून आठवणीनं बाजूला काढायला सांगा, कारण तिचा धूरही बाधतो. आणि भाजी हलवायला, कणसं टोचायला, पोरांच्या सहलीत काही भाजायला म्हणून तिची काडी कधीच वापरू नये.

इतकं करूनही एखाद्या मुलानं खाल्लंच तर? ओकारी, पोटात कळ, गरगरणं, नाडी मंद किंवा अडखळत चालणं, ही लक्षणं. ती दिसण्याची वाट बघायची नाही. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायचा आजीचा उपाय इथं नको, त्यानं धोका वाढतो. तोंडातले तुकडे बोटानं काढा, चूळ भरवा, आणि झाडाची डहाळी पिशवीत घालून थेट मोठ्या रुग्णालयात जा. घाटकोपरकडे राजावाडी, अंधेरी-पार्ल्याकडे कूपर. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात अर्धा तास घालवू नका, कारण अशा मुलाच्या हृदयाचे ठोके यंत्रावर बघत राहावे लागतात. डहाळी नेण्यानं डॉक्टरांचा निदानाचा वेळ वाचतो.

रुईचा धोका निराळा. माळ करताना चीक बोटाला लागतो आणि त्याच बोटानं डोळा चोळला जातो. हा चीक डोळ्याच्या बुबुळाला इजा करतो, आणि फसवी गोष्ट अशी की सुरुवातीला फारसं दुखतही नाही, नुसतं धुकट दिसतं. असं झालं तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. दूध, तूप, गुलाबपाणी काही घालू नका.

मग झाडं तोडून टाकायची का? माझं मत विचाराल तर नाही. कण्हेरीच्या पानांवर एका काळसर फुलपाखराच्या अळ्या वाढतात. हे विष त्यांना बाधत नाही. तिचा कोष पानाखाली लटकतो तेव्हा चांदीचा डूल टांगल्यासारखा चकाकतो. तो बघायला मिळावा म्हणून तरी एखादी कण्हेर असू द्यावी. फक्त बालवाडीच्या अंगणात, घसरगुंडीजवळ नको. तिथं तगर लावा की! तिच्याही फांद्या-पानांची भाजी करायची नाहीच, पण बिट्टीशी तिची तुलना नाही.

(जाता जाता, कान्हेरी लेण्यांचं नाव कण्हेरीवरून पडलं असं पुष्कळ जणी सांगतात. तसं नाही. ते कृष्णगिरीवरून, म्हणजे काळ्या डोंगरावरून आलं आहे.)

सदाफुलीची खरी गोष्ट

'रोज सकाळी सदाफुलीची पाच पानं चावून खा, साखर उतरते.' हा सल्ला तुम्हाला भजनी मंडळात, लोकलच्या लेडीज डब्यात, कुठे ना कुठे मिळालाच असेल. हा समज फक्त आपल्याकडचाच नाही. १९५२ साली कॅनडातल्या एका डॉक्टरांकडे जमैकाहून सदाफुलीची पानं आली, तिकडे मधुमेहावर तिचा काढा घेत असत. त्यांचे भाऊ रॉबर्ट नोबल हे संशोधक. त्यांनी ती उंदरांवर तपासली. साखर काही उतरली नाही. पण ज्या उंदरांना अर्क टोचला त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी भराभर कमी झाल्या आणि ते जंतुसंसर्गानं दगावले.

दुसऱ्या कुणी पानं फेकून दिली असती. नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांनी विचार उलटा केला. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात तो रक्ताचा कर्करोग. मग हीच वस्तू तिथं कामाला आली तर? १९५८ साली त्यांनी व्हिनब्लास्टीन हे द्रव्य वेगळं काढल्याचं जाहीर केलं. पाठोपाठ त्याच सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन मिळालं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही इतर औषधांबरोबर हे इंजेक्शन जगभर दिलं जातं. त्या काळी हा रोग झालेलं मूल वाचणं जवळजवळ अशक्य असे. आता वेळेवर आणि पूर्ण उपचार मिळाले तर बहुतेक मुलं बरी होतात. टनावारी सुकी पानं घ्यावीत तेव्हा कुठं ग्रॅमभर औषध हाती लागतं. आणि ही सगळी आपल्या डालड्याच्या डब्यात, गटाराच्या कडेला, भिंतीच्या भेगेत उगवणारी गुलाबी-पांढरी सदाफुली!

आता तुम्हीच सांगा, जिच्यातून कर्करोगाचं इंजेक्शन निघतं तिची पानं रोज उपाशीपोटी चावायची का? साखरेच्या गोळ्या चालू असताना असले प्रयोग डॉक्टरांना न सांगता करणं हा शहाणपणा नव्हे. आणि घरात कुणाला दिवस गेले असतील तर सदाफुलीचा काढा किंवा पानं मुळीच नकोत. फुलं बघायला लावा, भरपूर लावा.

औषधाची आणखी एक गोष्ट सांगते आणि ती तर आपल्या मुंबईचीच आहे. सर्पगंधा हे याच कुळातलं छोटं झुडूप. वैद्य मंडळींना ती जुन्या काळापासून माहीत होती. के.ई.एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचं मूळ रक्तदाबाच्या रोग्यांना देऊन काटेकोर नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्या प्रसिद्ध केल्या. तेव्हा कुठं पाश्चात्त्य डॉक्टरांचं तिच्याकडे लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पीन हे औषध वेगळं काढण्यात आलं, आणि १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. रेसर्पीननं मन उदास होतं असं पुढे दिसून आलं आणि नवी औषधं आली, त्यामुळे आता ते क्वचितच देतात. पण परळच्या वॉर्डातल्या त्या नोंदवह्यांचं मोल कमी होत नाही.

सातविणीवरून होणारी भांडणं

दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी खिडकी उघडली की एक उग्र, गोडसर वास घरात शिरतो. काहींना तो आवडतो, काहींचं डोकं उठतं. ती सातवीण. भराभर वाढते, सावली दाट, म्हणून उपनगरांतल्या रस्त्यांवर ती खूप लावली गेली. हिच्या हलक्या लाकडाच्या पूर्वी पाट्या आणि फळे करीत, म्हणून शास्त्रीय नावात 'विद्यार्थ्यांची' असा शब्द आहे. शांतिनिकेतनला पदवीदानाच्या वेळी सातविणीची डहाळी देण्याची पद्धत आहे.

आपल्या सोसायट्यांत मात्र हिच्यावरून सभा रंगतात. दम्याच्या काही रोग्यांना त्या वासाचा खरोखर त्रास होतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण बहर चार-सहा आठवड्यांचा. तेवढे दिवस तिन्हीसांजेला झाडाच्या बाजूच्या खिडक्या लावून घेणं आणि पंप हाताशी ठेवणं हे झाड तोडण्यापेक्षा सोपं. शिवाय सेक्रेटरींनी माळ्याला बोलावून कुऱ्हाड चालवायची सोय नाही. १९७५ सालच्या कायद्याप्रमाणे शहरातलं झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मग ते झाड आपल्या आवारातलं का असेना. माझा सल्ला असा की पुढच्या वेळी एका ओळीत सगळ्या सातविणीच लावू नयेत, मध्ये बकुळ, करंज, बहावा येऊ द्यावा.

आणि खायचं काय?

इतक्या विषांच्या गोष्टी ऐकून तोंड कडू झालं असेल, तर या घराण्याची गोड लेक म्हणजे करवंद. मे महिन्यात बोरिवलीकडे, राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला आदिवासी बाया पानांच्या द्रोणातून काळी करवंदं विकायला बसतात. ओठांना चिकटतो तो चीक कुळाचाच, पण पिकलं करवंद निर्धोक. मुलांना 'कोंबडा की कोंबडी' खेळायला लावा. चावल्यावर आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. चार फळांत एकदा तरी भांडण होतंच.

कच्च्या हिरव्या करवंदांचं लोणचं करताना दोन गोष्टी सांभाळा. हाताला आणि विळीला आधी तेलाचा हात फिरवा, म्हणजे चीक धरत नाही. अर्धी चिरून बिया काढल्यावर फोडी मिठाच्या पाण्यात तासभर ठेवा, ते पाणी फेकून द्या, आणि फडक्यावर अगदी कोरड्या होऊ द्या. मग नेहमीचा कैरीच्या लोणच्याचा मसाला चालतो, गूळ थोडा जास्त घालावा.

कुड्याची फुलंही मे-जूनमध्ये बाजारात दिसतात. पांढरी, नाजूक, कडवट. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाकून घट्ट पिळून घ्यायची, मग भरपूर कांदा, भिजवलेली मुगाची डाळ, हिरवी मिरची आणि वरून ओलं खोबरं. कडवटपणा थोडा राहतो आणि तो राहावाच. फक्त ही फुलं रानभाज्या ओळखणाऱ्या बाईकडूनच घ्या. आपण सहलीला गेलो, पांढरी फुलं दिसली, चीक दिसला, आणि लेखात वाचलं होतं म्हणून खुडून आणली, असं अजिबात करायचं नाही. भाजीवाल्या मावशींना विचारा, त्या कुठल्या पाड्यावरून येतात, फुलं कधी खुडली, हेही सांगतात. आणि साधारण दुपारी बारानंतर त्या सापडत नाहीत, तेव्हा सकाळच्या फेरीलाच पिशवी घेऊन निघा.